वलयाची शिकवणी

पोटावर पिशवी न लावून घेण्यात हिंदुराव खराड्यांचा नेमका काय फायदा होता, तो आधी मांडून घेऊ. माणूस कळायला तेवढं पुरतं.

पहिला फायदा खुर्चीचा. विट्याकडच्या चार हायस्कुलांच्या एका संस्थेचे हिंदुराव एकोणीस वर्षं अध्यक्ष होते, आणि ती एकोणीस वर्षं त्यांनी विद्वत्तेवर काढली असं त्यांच्या बायकोनंही कधी म्हटलं नव्हतं. त्यांची युक्ती एकच. सभा अकराला सुरू करायची, चहा दोनदा पाजायचा, मागच्या सभेचं इतिवृत्त स्वतः सावकाश वाचायचं आणि मुद्द्याचा ठराव चारपर्यंत दाबून ठेवायचा. विरोधकांतले दोघे-तिघे लघवीला उठले की ठराव मांडून मंजूर करायचा, आणि ते रुमालाला हात पुसत परत आले की त्यांच्या हातावर पेढा ठेवायचा. "ज्याची बैठक पक्की त्याची संस्था पक्की," असं ते शिक्षकदिनाच्या भाषणात सांगत. पोरांना वाटे, हा अभ्यासाबद्दलचा उपदेश आहे.

दुसरा फायदा पंगतीचा. खराड्यांच्या भावकीत थोरला उठल्याशिवाय पंगत उठत नाही, आणि थोरले आता हिंदुराव होते. शंभर माणसांना खरकटे हात वाळवत बसवून ठेवायचं आणि आपण ताकाची वाटी संथपणे संपवायची, यातलं सुख ज्यानं चाखलंय त्यालाच ठाऊक.

तिसरा फायदा तासगावच्या साडूचा, आणि खरं म्हणजे हाच सगळ्यांत मोठा. साडूच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा हिंदुरावांनी भर लग्नात त्याला 'गॅरेजमधून आलेली गाडी' म्हटलं होतं. त्या गाडीला आता हॉर्न वाजवायची संधी मिळता कामा नये.

हे सगळं एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात गुदाशयाचा कॅन्सर, गुदद्वारापासून चार सेंटिमीटर आत.

कृष्णेपलीकडच्या नव्या कर्करोग रुग्णालयात डॉ. ओजस मुळगावकर टेबलावर प्लास्टिकचं आतडं ठेवून बसले होते. वय अडतीस, आवाज मऊ आणि बुटांना कधी चिखल न लागलेला.

"अण्णा, गुदाशय म्हणजे घराची ओसरी समजा," ते म्हणाले. "आतड्यातून आलेला पाहुणा तिथं टेकतो. वारा आहे की मळ याचा अंदाज ओसरी घेते आणि तुम्हाला विचारते, आता सोडू की सभा संपल्यावर? ती ओसरीच गाठीसकट काढायची. वरचं आतडं खाली ओढून थेट दाराला जोडायचं. म्हणजे आलेला पाहुणा सरळ दारात."

"मग?"

"मग दिवसातून दहा-पंधरा खेपा, त्याही तुकड्या-तुकड्यानं. कळ आली की थांबायला वेळ नाही. काहींचं वर्षा-दोन वर्षांत बरंच सुधारतं, काहींचं जन्मभर राहतं. रेडिएशननं त्यात भर पडते. शिवाय लघवीच्या आणि संसाराच्या नसा तिथूनच जातात. त्यांचंही मी खात्रीनं सांगत नाही."

हिंदुरावांच्या पत्नी कलावती शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सिस्टर सुवार्ता भोरे पुढे आल्या. पिशवीवाल्या रुग्णांना शिकवण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती.

"अण्णा, आतड्याचं तोंड पोटावर काढून त्याला कायमची पिशवी लावणं हा वाईट सौदा नाही," त्या म्हणाल्या. "महिना-दीड महिना जड जातो. मग माणूस पोहतो, शेतात जातो, नातवाला खांद्यावर घेतो."

"पिशवी?" हिंदुराव हसले. "मी काय बाजाराला निघालोय?"

डॉक्टरही हसले, कारण त्यांनाही पिशवी नकोच होती. त्यांना हवा होता वलयासाठी माणूस.

हे वलय म्हणजे त्या काळातली मोठी गोष्ट. रुग्णाच्याच मांडीतला चिमूटभर स्नायू काढून प्रयोगशाळेत वाढवायचा, त्याची अंगठीएवढी कडी करायची आणि ती दारापाशी बसवायची. कडीत केसाएवढ्या तारा आणि नखाएवढा मेंदू. आत दाब किती, आलंय ते पातळ की घट्ट, माणूस बसलाय की चालतोय, हे तो मेंदू ओळखतो आणि कडी आवळतो किंवा सैल सोडतो. पण किती आवळायची? फार आवळली तर पोट फुगतं, कळा येतात. सैल सोडली तर धोतर गेलं. हे गणित प्रत्येकाचं वेगळं. म्हणून वलयाला कारखान्यात काहीच शिकवलेलं नसतं, त्याला शिकवायचं रुग्णानं. वलय दर आठवड्याला आपल्या वागण्यात थोडा बदल करून पाहतं. रोज संध्याकाळी सहाला फोन चार प्रश्न विचारतो: दुखलं का, डागलं का, अडलं का, आणि एकूण दिवस कसा गेला? उत्तर पाचांपैकी. पाच मिळाले की वलय समजतं, हेच बरोबर, असंच आणखी करू.

आणि ते एकट्यापुरतं राहत नाही. साऱ्या रुग्णांची शिकवण एकत्र घोटून दर महिन्याला सगळ्या वलयांना एक नवा पाठ मिळतो. जो रोज न चुकता, ठामपणे उत्तरं देतो त्याच्या शब्दाला वजन जास्त. ज्याची उत्तरं आज दोन, उद्या चार अशी हेलकावतात त्याचा शब्द हिशेबात गोंगाट म्हणून सोडून देतात.

योजना सुरेख होती. एकच गोष्ट तिच्यात गृहीत धरली होती, की 'कसं काय?' असं विचारल्यावर माणूस खरं सांगतो. असं गृहीत धरणाऱ्यानं आपल्याकडे एकही लग्न जेवलेलं नसावं.

ऑपरेशन झालं. जोड भरून येईपर्यंत तीन महिने तात्पुरती पिशवी लागलीच. त्या तीन महिन्यांत हिंदुराव 'संस्थेच्या कामासाठी' पुण्याला भाच्याच्या फ्लॅटवर राहिले. पिशवी कलावती बदलत. हिंदुराव तेवढा वेळ छताकडे बघत आणि पंखा नीट बसवलेला नाही म्हणत. मग पिशवी गेली, वलय जागं झालं आणि विट्याच्या घरी पहिल्या दिवशी हिंदुराव चौदा वेळा संडासात गेले. पंधराव्या वेळी पोचले नाहीत.

सहाला फोन बोलला. आवाज पंचविशीतल्या पोरीचा, गोड. "अण्णा, आजचा दिवस कसा गेला? पाचांपैकी किती?"

हिंदुरावांनी घसा साफ केला. "पाच. एकदम उत्तम."

कलावती बादलीत धोतर भिजवत होत्या. त्या तशाच उठून आल्या. "अहो, खरं सांगा की तिला!"

"परक्या बाईला काय सांगू? धोतर भरलं म्हणून?"

"ती बाई न्हाई, यंत्र आहे."

"आवाज बाईचा आहे ना?"

"मग पुरुषाचा लावून घेऊ?"

"पुरुषाला तर मुळीच सांगणार नाही," हिंदुराव म्हणाले, आणि विषय संपला.

वलय बिचारं शिकाऊ. त्याला वाटलं, आपण पहिल्याच दिवशी पैकीच्या पैकी मिळवले. तरी नियमाप्रमाणे ते बदल करून बघत राहिलं. एका आठवड्यात जरा सैल, पाच. पुढच्यात जरा घट्ट, पाच. मालकाला काहीही चालतं म्हटल्यावर यंत्र स्वतःच्या सोयीचं ते करतं, हे नोकर ठेवलेल्या कुणालाही सांगता येईल. वलयाची सोय साठवणीत होती. दिवसभर आवळून धरायचं, कमी वेळा उघडायचं, विजेची बचत. दोन महिन्यांत हिंदुरावांचं आतडं सकाळी आठ ते दुसऱ्या पहाटेपर्यंत बंद आणि मग तीन-साडेतीन तास सलग चालू, असं झालं. पोट नगाऱ्यासारखं, कळा अशा की दाताखाली टॉवेल धरावा लागे.

पण सभा! त्या महिन्यात हिंदुराव अकरा ते साडेपाच खुर्चीवर बसले आणि दोन शिक्षकांच्या बदल्या व एका जावयाची नेमणूक मंजूर करून घरी आले. येताना कपाळावर घामाचे थेंब होते. सभासद म्हणाले, "या वयात काय तळमळ आहे संस्थेची!"

या तळमळीची दुसरी बाजू कलावतींकडे होती. पहाटे चारला उठून पाणी तापवणं, संडासाच्या दाराबाहेर स्टुलावर बसणं, आतून हाक आली की टॉवेल, कोरडी चड्डी, मलम देणं, आणि आठला माणूस बाहेर आला की त्याच्या शिव्या खाऊन चहा करणं. माहेरच्या जत्रेला जाणं बंद झालं. भजनी मंडळ सुटलं. संसाराच्या नसांबद्दल डॉक्टर बोलले होते ते खरंच ठरलं. त्यावर हिंदुरावांनी आपला पलंग बाहेरच्या खोलीत हलवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "ही घोरते फार." कलावती आयुष्यात कधी घोरल्या नव्हत्या. ऐकून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि कढईचा असा आवाज केला की पाहुण्यानं चहा न घेताच निरोप घेतला.

रुग्णालयात दर तिमाहीला वलयवाल्यांचा मेळावा भरे. तिथं हिंदुरावांची ओळख झाली 'आदर्श शिक्षक' म्हणून; वलयाला सर्वांत चांगलं शिकवणारा. दोनशे दिवस, एकही चुकवलेला नाही, सगळे पाच. डॉ. मुळगावकरांनी त्यांना व्यासपीठावर घेतलं, शाल घातली आणि पडद्यावर त्यांची रेघ दाखवली. सरळ, सपाट, कालव्यातल्या पाण्यासारखी.

शेजारच्या खुर्चीवर वैजयंता लोहार बसली होती. विटा–कराड एसटीची कंडक्टर, वय चव्वेचाळीस, नवरा नाही, घरी दोन शिकणाऱ्या पोरी. त्या काळात एसटी स्वतःच चाले आणि तिकीट यंत्र देई, पण यंत्राशी भांडणाऱ्याशी भांडायला माणूस लागतो, म्हणून कंडक्टर टिकून होते. नियम एकच: कंडक्टर खाली उतरला की बस जागच्या जागी थांबते, आणि थांबली की आगारात नोंद होते.

"अण्णा, एक विचारू?" वैजयंता हळूच म्हणाली. "माझं आधी बरं चाललं होतं. मी खरं ते सांगायची. कधी दोन, कधी चार. वलय शिकत होतं. चार खेपांवर आलं होतं माझं, त्यापण ठरल्या वेळी. विटा, कडेगाव, कराड, जमायचं. पण हा अकरावा पाठ आला आणि सगळं बिनसलं बघा. दिवसभर गच्च आणि पहाटे तीन तास. मी सहाची पहिली गाडी धरू कशी? तुम्हाला कसं जमतं?"

अकरावा पाठ कुणाच्या पाचांतून निघाला होता हे हिंदुरावांच्या ध्यानात आलं नसेल, असं म्हणायला ते तेवढे मूर्ख नव्हते.

"मनोबल," ते म्हणाले. "आणि इसबगोल."

मेळावा संपल्यावर सिस्टर सुवार्तांनी त्यांना जिन्यात गाठलं.

"दोनशे दिवस पाच? अण्णा, माणूस आहात की विजेचा खांब? माझ्या पंचवीस वर्षांत एवढा सुखी रुग्ण झालेला नाही. निरोगी माणूससुद्धा झालेला नाही."

"सिस्टर, माझा स्वभावच समाधानी."

"तुमच्या समाधानावर चारशे सहा जणांच्या कड्या आवळल्यात. तीन दिवस खरं सांगा. तीनच. पुढचा पाठ आपोआप सैल होईल."

"बघतो. मंगळवारपासून," हिंदुराव म्हणाले. मंगळवार निवडायचं कारण एवढंच की तो पाच दिवस लांब होता.

मंगळवारी ते बेळगावात होते. तिथं एक म्हातारे सर्जन जुन्या पद्धतीनं काम करत, रुग्णाचं आरोग्यकार्ड मागत नसत, आणि हद्दीपलीकडच्या नोंदी इकडच्या रुग्णालयाला दिसत नसत. आदल्या आठवड्यात संडासातच चक्कर येऊन हिंदुरावांचं कपाळ फुटलं होतं. कलावतींनी बॅग भरून सांगितलं होतं, "आता पिशवी, नाहीतर मी तासगावला बहिणीकडे." तासगाव म्हणजे साडूचं घर. हिंदुराव निमूट गाडीत बसले.

सर्जननं वरचं आतडं डाव्या बाजूनं पोटावर काढून दिलं. वलय जागेवर राहू द्यायचं ठरलं. काढायचं तर मोठी चिरफाड, आणि पहिल्या रुग्णालयाला कळवावं लागणार. "राहू दे," हिंदुराव म्हणाले. "ते कुणाला खातंय?"

आणि काय सांगावं! दीड महिन्यात माणूस पालटला. कळा गेल्या, पहाट गेली, टॉवेल गेला. हिंदुराव मिसळ खाऊ लागले. सभेत सात तास बसले, तेही घाम न येता. दुपारी पालथं न झोपण्याची खबरदारी घेतली की आपल्याला पिशवी आहे हे ते विसरूनही जात, कारण ती अजूनही कलावतीच बदलत आणि हिंदुराव अजूनही पंख्याकडेच बघत. सिस्टर सुवार्ता म्हणाल्या होत्या ते अक्षरशः खरं निघालं, आणि ते त्यांना सांगायचं हिंदुरावांच्या मनातही आलं नाही. सदरा मात्र त्यांनी सैल शिवून घेतला. लोकांना सांगितलं, "आता साधेपणा."

संध्याकाळी सहाला फोन विचारी. हिंदुराव म्हणत, "पाच." दुखलं नाही, डागलं नाही, अडलं नाही. आयुष्यात प्रथमच ते त्या पोरीशी खरं बोलत होते, आणि नुकसान झालं ते या खरं बोलण्यानं.

कारण आत वलय अजून पहाऱ्यावर होतं. त्याच्या वरची वाट बेळगावच्या म्हाताऱ्यानं वळवून नेली हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला दिसलं ते एवढंच की आत दाब नाही, गळती नाही, मालक खूश. रिकाम्या खोलीला कुलूप लावून बसलेला रखवालदार चोरी झाली नाही म्हणून मिशीला पीळ देतो, तसं त्याचं झालं. एका आठवड्यात त्यानं आणखी आवळून पाहिलं. पाच. पुढच्या आठवड्यात बावीस तास. पाच. मग चोवीस. मग छत्तीस. पाच, पाच. वलयाची खात्री पटली की माणसाचं परमसुख म्हणजे कायमचं बंद दार. महिनाअखेरीस ही विद्या चौदावा पाठ म्हणून चारशे सहा जणांच्या शरीरांत उतरली.

वैजयंता हिंदुरावांच्या घरी आली ती बुधवारी दुपारी, कंडक्टरच्या खाकी कपड्यांत. चेहरा पिवळा, पोटावर हात. कलावतींनी पाट नको म्हणून खुर्ची दिली. ती काठावर टेकली.

"अण्णा, एका महिन्यात अकरा वेळा बस थांबली माझी," ती म्हणाली. "कळ आली की उतरून झाडाआड बसायचं, आणि होत काहीच नाही. वलय सोडतच नाही. मागं बस उभी, माणसं शिट्ट्या मारतात. शुक्रवारी आगारात चौकशी आहे. आणखी एक नोंद झाली की गाडीवरून काढून धुलाईला टाकणार. धुलाईला पगार अर्धा. मोठीची नर्सिंगची फी आहे."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणतात, खराडे अण्णांना हाच पाठ मानवतो, तुम्हीच नीट शिकवत नाही. सिस्टर मला जुना पाठ लावून द्यायला तयार आहेत, पण डॉक्टर सही देत नाहीत. तुम्ही एक फोन करा, अण्णा. म्हणावं, मलाही त्रास होतो. एवढंच. ते तुमचं ऐकतात."

स्वयंपाकघराच्या दारात कलावती उभ्या होत्या. हिंदुरावांनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. सैल सदऱ्याखाली पिशवी सकाळीच बदललेली, स्वच्छ, हलकी. तोंडात बडीशेप होती. एक फोन. पण फोन केला की डॉक्टर तपासायला बोलावणार. तपासलं की सदरा वर करावा लागणार. पुढच्या महिन्यात संस्थेची निवडणूक, आणि विरोधकांच्या यादीत साडूचा भाऊ.

"हे बघ पोरी," ते म्हणाले, "यंत्राला दोष देणं सोपं असतं. मन खंबीर ठेव. मी नाही ठेवलं?"

वैजयंता त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिली. तिकिटाचे पैसे न देता खिडकीबाहेर बघणाऱ्याकडे कंडक्टर बघतो तसं. मग उठली.

कलावती तिच्यामागोमाग फाटकापर्यंत गेल्या.

"वैजयंता, थांब. त्यांना खंबीर मन न्हाई. पिशवी आहे," त्या म्हणाल्या. "बेळगावातनं लावून आणलीय. अडीच महिने झाले. मी बदलते रोज. जा, सिस्टरला सांग. माझं नाव घेऊन सांग."

वैजयंतानं तिथूनच फोन लावला. सिस्टर सुवार्तांनी त्या संध्याकाळी हिंदुरावांच्या वलयाच्या नोंदी उघडल्या. अडीच महिन्यांत एकदाही दाब चढलेला नव्हता. "इतकं शांत आतडं फक्त मढ्याचं असतं," त्या म्हणाल्या, आणि डॉक्टरांची सही न घेता वैजयंताला जुना पाठ लावायला दुसऱ्या दिवशी उजाडताच निघाल्या. त्या पोचायच्या आधी, गुरुवारी सकाळी, कडेगावच्या पुढं बस बाराव्यांदा थांबली. या खेपेस वैजयंता उतरली नव्हती. दारात कोसळून खाली पडली होती. जोडाच्या वर आतडं फाटलं होतं.

शनिवारी डॉ. मुळगावकरांच्या खोलीत चौघं जमले: डॉक्टर, सिस्टर, हिंदुराव आणि कलावती. सदरा वर झाला. डॉक्टरांनी पिशवी पाहिली आणि आधी दार लावून घेतलं.

"पाच राज्यांनी वलय घेतलंय," ते म्हणाले. "आदर्श रुग्णाला पिशवी होती हे या खोलीबाहेर गेलं तर संपलं सगळं."

"मी कुठं म्हणतोय बाहेर जाऊ द्या?" हिंदुराव म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन माणसांत इतकं निर्मळ सामंजस्य क्वचितच दिसतं.

"आणि वरच्या मजल्यावर जी पडलीय ती?" सिस्टर सुवार्तांनी विचारलं.

"वैजयंताबाईंबद्दल आम्हा सर्वांना अतिशय वाईट वाटतं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला. अकराव्यापासून चौदाव्यापर्यंतचे पाठ तांत्रिक कारणास्तव मागे घेतल्याचा निरोप चारशे सहा जणांना त्या दुपारी गेला. कारण कुणी विचारलं नाही. ज्यांना आराम पडला त्यांनी डॉक्टरांना पेढे नेऊन दिले.

गाडीत बसताना हिंदुराव म्हणाले, "घरभेदी! आजपासून तुझं माझं बोलणं बंद."

"बरं," कलावती म्हणाल्या.

आता या सगळ्याची किंमत म्हणून कुणी काय भरलं ते बघू. चारशे सहा जणांनी चार महिन्यांच्या पहाटा भरल्या. त्यांतले एकोणतीस जण याच काळात नोकरीला रामराम ठोकून घरी बसले होते; त्यांना 'मनोबल कमी' असा शेरा मिळाला. सिस्टर सुवार्तांनी सहीवाचून पाठ बदलायला निघाल्याबद्दल पंचवीस वर्षांचा विभाग भरला. त्या आता औषधांच्या गोदामात खोकी मोजतात. वैजयंताचा जीव वाचला, पोटावर पिशवी आली, ती तिनं चौथ्या दिवशी स्वतः बदलली. पण बाराव्या थांब्याची नोंद आगाराच्या वहीतून निघेना, म्हणून ती बस धुते, अर्ध्या पगारावर, आणि मोठीचं नर्सिंग एक वर्ष पुढं गेलं. डॉ. मुळगावकरांनी एक दुपार भरली.

कलावतींनी किती भरलं त्याला पाचांची मोजपट्टी पुरत नाही, आणि ती त्यांच्यापुढं कधी धरलीच गेली नव्हती. पण अबोल्यात एक सोय असते. ज्याच्याशी बोलणं नाही त्याला 'जरा डावीकडं वळा' तरी कसं म्हणायचं? रविवारी सकाळी नवी पिशवी, कात्री आणि ओला कपडा त्यांनी पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि त्या भजनाला निघून गेल्या.

हिंदुराव पुन्हा निवडून आले. त्यांनी भरलं ते एवढंच: रोज सकाळी दहा मिनिटं पंख्यावरची नजर काढून स्वतःच्या पोटाकडं बघणं. आणि त्यातही सूट मिळावी म्हणून ते बायकोच्या मागं लागले होते, खुणांनी.